ड्रॅक्युला आणि फास्टिंग शुगर

लॅबच्या वेटिंगमध्ये ड्रॅक्युला वाचू नये असं कुठे लिहिलंय का? साडेसातची अपॉइंटमेंट, साडेआठ झाले तरी टोकन हलत नाही, फोनची बॅटरी मेलेली, पर्समध्ये हे एकच पुस्तक, म्हणून काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच वाचतेय. शेजारचे काका कव्हर बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले, "काय ताई, रक्त द्यायला आलात की प्यायला?" तासभर मान वर न करणारी काउंटरवरची मुलगीपण हसली, तेवढा वेळ होता बरोब्बर.

मी दुर्लक्ष केलं, काकांनी नाही. "कुठवर आलंय?"

म्हटलं, लूसीचं रक्त रोज रात्री कमी होतंय, डॉक्टर दुसऱ्यांचं चढवतायत. झालं! काकांची आख्खी नोकरी ब्लड बँकेत गेलेली.

"कुणाचं चढवलं?"

"आधी होणाऱ्या नवऱ्याचं, मग डॉक्टर सेवर्डचं, मग व्हॅन हेलसिंगचं. आता चौथा आलाय, अमेरिकन."

"क्रॉसमॅच? दोघांचं रक्त जुळतं का बघितलं?"

"काका, पुस्तक १८९७ चं आहे."

"निदान ग्रुप?"

"गडी धडधाकट आहे एवढं बघतात."

काकांनी कपाळावर हात मारला. "अहो रक्तगट कळले १९०१ ला, लँडस्टायनरमुळे! चौघांचं रक्त एका पोरीत? त्या काउंट ड्रॅक्युलाला उगाच बदनाम केलंय, या चौघांनीच मारली तिला!"

"म्हणजे मरते ती?"

"मरते म्हणजे काय, सिनेमा पाहिलाय मी."

इतक्या जुन्या पुस्तकात सस्पेन्स तो काय राहणार, मान्य, पण मी आजवर सगळे सिनेमे चुकवून तो जपला होता हो!

आणि खरं सांगू, तो काउंट बरा. जोनाथन नावाचा पाहुणा त्याच्याकडे दमून पोचतो तर हा स्वतः त्याची बॅग उचलून वर नेतो, रोस्ट चिकन वाढतो, वाइन देतो, नोकर नाहीत तर गुपचूप बिछानासुद्धा घालतो. इथे पाणी कुठंय विचारलं तर "बाहेर" म्हणाले. नंतर दोन्ही हातांना टोचाटोची, वर "मॅडम, तुमची व्हेनच नाहीये". मग इतकी वर्षं मी कशावर चाललेय?

दुसऱ्या दिवशी फोन, सॅम्पल खराब झालंय, परत उपाशीपोटी या. नाहीतर होम कलेक्शन घ्या, चार्ज वेगळा. म्हणजे ते घरी येऊन रक्त नेणार, पण आधी आपणच त्यांना या म्हणायचं. हा नियम पुस्तकातही अगदी हाच आहे, काल रात्रीच वाचला.