रायजरवरच्या फोमबद्दल खुलासा
ड्रिलिंग रायजरचा, म्हणजे समुद्रतळावरच्या विहिरीपासून वर ड्रिलिंगच्या जहाजापर्यंत येणाऱ्या पाइपाचा, एक फोटो फिरतोय, खाली लिहिलंय की पाइपावरचा तो जाड रंगीत थर थर्माकोलचा असतो, त्याने रायजर आपोआप तरंगतो, टेन्शनर (जहाजावरून रायजरला ताण देणारी यंत्रं) नुसते जोडीला. साफ चूक! थर्माकोल खोल पाण्याच्या दाबाने चेपूनच जाईल, तो थर सिंटॅक्टिक फोमचा असतो, इपॉक्सीत काचेचे अगदी बारीक पोकळ गोळे मिसळलेले. तो पाण्यातलं बरंचसं वजन उचलतो पण सगळं नाही, आणि २१ इंची पाइपात समुद्राच्या पाण्यापेक्षा जड मड (ड्रिलिंगचा चिखलासारखा द्रव) भरलेला असतो ते फोटोवाला विसरलाच. वरून ताण कमी पडला तर रायजर वाकणार, म्हणून जहाज लाटांवर वरखाली होत असतानाही टेन्शनर त्याला ओढून धरतात, टेलिस्कोपिक जॉइंट (एकात एक बसणारा पाइपाचा जोड) तेवढा आतबाहेर सरकतो. तळाकडचे काही जॉइंट (रायजरच्या पाइपाचे तुकडे) तर मुद्दाम बिनफोमचेच ठेवतात.