आधी संघटना, मग कोड

ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशा सॉफ्टवेअरवर, काम करता आणि अजून तुमची संघटना नाही? वकिलांची आहे, डॉक्टरांची आहे, रिक्षावाल्यांच्या तर एकेका शहरात तीन-तीन आहेत. तुमच्याकडे साधं लेटरहेड नाही! लागा कामाला.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. कोड लिहिणारे सात जण एका खोलीत बसवणं कठीण, पण पदं सात काढलीत की आपोआप जमतात. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार. साधा सभासद कोणी उरत नाही, म्हणजे वार्षिक सभेत हिशेब विचारायलाही कोणी नाही.

घटना टाइप करून घ्यायला कोर्टाजवळचा टायपिंगवाला गाठा. त्याच्याकडे चोरीचं वर्ड आणि युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेल्या अक्षर-संकेतांच्या) आधीचा फॉन्ट असतो. तीच फाइल लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या ओपन सोर्स संगणकप्रणालीवर, उघडलीत, की उद्दिष्ट क्रमांक एक, 'मुक्त तंत्रज्ञानाचा प्रसार', याच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा चिवडा दिसेल. घाबरू नका, उद्दिष्टं कोणी वाचत नाही.

सभासदत्वाच्या अटी मात्र कडक हव्यात. पदवी, पाच वर्षांचा अनुभव, दोन पदाधिकाऱ्यांची शिफारस. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली, तेव्हा हा आपला निव्वळ छंद आहे असं त्याने स्वतःच लिहून दिलं होतं. लिनस टोरवाल्ड्सचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद! हौशी लोकांना घेतलं तर व्यावसायिक संघटना म्हणायची कशाला?

आता सुरक्षेचं. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर कित्येक वर्षं एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. तो थकला. मदतीला आलेल्या एका अनोळखी गड्याने दोनेक वर्षं इमानेइतबारे काम केलं, विश्वास कमावला आणि मग हळूच आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय असं वाटलं म्हणून. आपल्याकडे हा धोका नाही, कारण काम करून वर यायची वाटच आपण ठेवलेली नाही. फ्रॉइंडसारखा कोणी सापडलाच तर शाल, श्रीफळ द्या. अर्ध्या सेकंदाचं कौतुक करायला पाऊण तासाची भाषणं पुरेत. थकलेल्या माणसाला पैसे द्यावेत का, असा विषय कोणी काढलाच, तर उपसमिती नेमा आणि तिच्यावर त्यालाच घ्या.

दोन वर्षांत फूट पडेल. ओपन सोर्समध्ये फुटणं सोपं, २०१० मध्ये ओपनऑफिस या वर्डसारख्या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस निघालं तेव्हा कोड दोघांकडेही राहिला. तुमच्याकडे मात्र बँक खातं एकच असणार. मग दोन्ही गट धर्मादाय आयुक्तांकडे आपापला चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची खबर, टाकतील. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यायचा असतो. निकाल कधी, ते विचारू नका. तोवर दोन्हीकडचे लोक नव्या लेटरहेडवर 'मूळ संघटना' छापून मोकळे होतील. संकेतस्थळाचा पासवर्ड तेवढा जुन्या सचिवांकडेच असेल, आणि ते फोन उचलत नाहीत.