तुरीची काडी, ओटीपी आणि २०० रुपये: तुमच्या एक ताऱ्याला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

मोबाइलवरून डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणाऱ्या आमच्या अ‍ॅपला एक तारा देताना तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. तूर काढताना आईच्या डोळ्याला काडी लागली, पण अ‍ॅपमधली अक्षरं तिला दिसेनात. ओटीपी टाकेपर्यंत वेळ संपला, तोही तीनदा. २०० रुपये भरल्यावर व्हिडिओ दोनदा तुटला. आणि शेवटी डॉक्टरांनी थेंब लिहून न देता "आजच दवाखान्यात जा" एवढंच सांगितलं. पहिल्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, चूक आमची आहे. चौथीत मात्र आम्ही डॉक्टरांच्या बाजूने आहोत. आईच्या नोंदीतलं काही इथे उघड लिहिणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंत तेवढ्यावरच बोलतो.

आधी चौथी तक्रार, कारण ती नजरेशी जोडलेली आहे. तुरीची काडी, उसाचं पान, ज्वारीचं कुसळ असं काही लागून बुबुळावर ओरखडा उठला, तर त्यातून बुरशी आत शिरू शकते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या लाली घालवायच्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते घातलं की लाली उतरते, ठणका कमी होतो, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि बुरशी मात्र खोल जात राहते. नंतर जखम भरली तरी पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण फूल पडलं म्हणतो, आणि ते बुबुळाच्या मधोमध पडलं तर त्या डोळ्याची नजर जाते. जखमेत बुरशी आहे की जिवाणू, हे मोबाइलच्या फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी डोळ्याला फ्लोरेसीनची रंगीत पट्टी लावून स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राच्या निळ्या उजेडात बघावं लागतं आणि व्रण असेल तर त्याचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. बुरशीवर सहसा नॅटामायसिन ५ टक्के सुरू करतात, जिवाणूंवर औषध वेगळं, आणि दोन्हीकडे सुरुवातीला तासातासाला थेंब घालावे लागतात. अंदाजाने एक बाटली लिहून देणं तुमच्या सोयीचं झालं असतं, आईच्या डोळ्याच्या नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांतही फोनवर भागेल की प्रत्यक्ष तपासावं लागेल, हा निर्णय डॉक्टरांवरच सोपवला आहे.

पण "दवाखान्यात जा" एवढ्याने भागत नाही. कुठे जायचं, तिथे काय सांगायचं आणि तोवर काय करायचं नाही, हे आमच्या चिठ्ठीत नव्हतं. आता ते चिठ्ठीत येतं आणि मराठीत वाचूनही दाखवलं जातं. केजकडच्या माणसाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरकडच्याला तिथलं घाटी रुग्णालय, असं जवळचं ठिकाण नावानिशी येतं. खाली मोठ्या अक्षरात: डोळा चोळू नका, पट्टी बांधू नका, घरात पडलेले जुने थेंब, मध, तूप, दूध काहीही घालू नका.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र क्रमाची होती. नोंदणी, ओटीपी, पैसे आणि मग प्रश्न. दुखऱ्या डोळ्याच्या माणसाला आधी ही सगळी दारं ओलांडायला लावणं चूकच होतं. आता अ‍ॅप उघडताच चार प्रश्न मोठ्याने विचारले जातात: काही लागलं का, डोळ्यात चुना किंवा फवारणीचं औषध उडालं का, नजर एकाएकी कमी झाली का, डोळा ठणकतो का. एकालाही "हो" आलं की पैसे न घेता लगेच पुढची सूचना मिळते. चुना उडाला असेल तर अ‍ॅप आधी पाण्याकडे पाठवतं: पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार किमान १५ ते ३० मिनिटं, अडकलेले कण ओल्या स्वच्छ कापडाने काढायचे आणि मग गाडी काढायची. चुन्यात एकेक मिनिट मोलाचं असतं.

अक्षरांचं सांगतो. फोनमध्ये अक्षरं मोठी केली की आमच्या अ‍ॅपमध्येही ती मोठी होत होती, पण बटणाची उंची ठरावीक ठेवलेली होती. त्यामुळे वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जायचा आणि "पुढे" हा शब्द नुसत्या रेघोट्यांसारखा दिसायचा. आता अक्षराबरोबर बटणही वाढतं. पांढरी पार्श्वभूमीही काढली. मोतीबिंदूत आत शिरणारा उजेड विखुरतो, त्यामुळे पांढऱ्या स्क्रीनचा झगझगाट डोळ्यावर येतो. गडद पार्श्वभूमीवर फिकट पिवळी अक्षरं पुष्कळांना सोपी जातात, नको असेल तर एका बटणावर बदलतात. टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावणाऱ्यांना आधी प्रत्येक चित्रावर नुसतं "बटण" ऐकू यायचं, आता "डॉक्टरांना फोटो पाठवा" असं पूर्ण नाव ऐकू येतं.

ओटीपीची मुदत ६० सेकंदांची होती आणि त्यासाठी सहा वेगळे चौकोन होते. आता मुदत १० मिनिटांची आहे, चौकोन एकच, आणि हवं तर फोन येऊन एकेक आकडा सावकाश सांगितला जातो.

व्हिडिओचा हट्टही सोडला. गावात रेंज कमी झाली की चित्र दाबलं जातं आणि बुबुळावरचा बारीक डाग सगळ्यात आधी नाहीसा होतो. त्यापेक्षा चार चांगले फोटो आणि साधा आवाजी कॉल बरा. फोटो दुसऱ्याने काढायचे, मागच्या कॅमेऱ्याने. पुढच्या कॅमेऱ्यातला चेहरा उजळ करणारा फिल्टर लालीही झाकू शकतो. खिडकीजवळ बाजूने उजेड घ्यायचा, फ्लॅश बंद, कारण त्याचा ठिपका नेमका बुबुळावर पडतो. फोन साधारण २० सेंटिमीटरवर धरून दुप्पट झूम करायचा. फार जवळ नेला की फोकसच होत नाही. पहिला फोटो समोर बघताना, दुसरा खालची पापणी ओढून वर बघताना, उरलेले दोन डावीकडे आणि उजवीकडे बघताना. जखम झालेल्या डोळ्यावर दाब द्यायचा नाही, पापणी उघडत नसेल तर फोटोच नको. रेंज गेली तर फोटो फोनमध्येच थांबतात आणि आली की जातात, पैसे पुन्हा भरावे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र बदलणार नाही. काचबिंदूचा दाब, डोळ्याच्या आतल्या पडद्याची नीट तपासणी आणि मोतीबिंदूच्या भिंगाचा नंबर मोबाइलवर निघत नाही. कोणी विचारलं तर आम्ही हेच सांगू, मग ग्राहक गेला तरी चालेल.

तुमचे २०० रुपये आज परत पाठवले आहेत. आईला अजून दाखवलं नसेल, किंवा उजेड सहन होत नसेल, पाणी येत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर आमच्या फोनची वाट बघू नका, आजच न्या. जाताना वापरलेल्या सगळ्या बाटल्या सोबत ठेवा, रिकाम्या असल्या तरी. आणि कृपया फोन नंबर इथे सगळ्यांसमोर लिहू नका. अ‍ॅपमधल्या "मदत" वर बोट दाबून धरलं की टाइप न करता बोलून निरोप ठेवता येतो.