जालन्यात चार दिवस थांबलेल्या होडीबद्दल आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की मुंबईहून हैदराबादला निघालेली तुमची शिडाची होडी आम्ही चार दिवस जालन्यात अडकवून ठेवली, फोन उचलला नाही, ताडपत्री टाकली नाही, होडीला खरचटलं आणि वर १८,००० रुपये जास्तीचे मागितले. शेवटी लिहिलंय, सळया वाहणाऱ्यांनी होडीच्या नादी लागू नये.

यातल्या दोन चुका सरळ आमच्या आहेत. गाडी थांबवायचा निर्णय माझा होता, म्हणजे तुम्हाला फोन करणं माझंच काम होतं. दीड दिवस तुम्ही होडी कुठंय म्हणून विचारत राहिलात आणि ऑफिसातून तुम्हाला "बघून सांगतो" एवढंच ऐकायला मिळालं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दुसरं, उजव्या काठाजवळची हातभर लांब खरचट. पट्ट्याखाली घातलेला फोम सरकला आणि पट्टा जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, घासला. ती खूण आमच्याच गाडीवर पडली, दुरुस्तीचं बिल आम्ही भरणार.

पण होडी थांबवली ती हयगय म्हणून नाही, आणि हे मला सविस्तर सांगायचंय, कारण उद्या दुसरा कुणी अशी होडी रस्त्यानं नेणार असेल तर त्यालाही कळावं.

तुमची होडी जे-२४ जातीची. लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.७१ मीटर, वजन साधारण १,४०० किलो. आमच्या ट्रेलरवर एरवी सळया किंवा मशिनरी चढते, तिथं हे वजन काहीच नाही. नेमकी इथंच आमच्या मुंबईच्या माणसाची गफलत झाली. हलका माल आहे म्हणून त्यानं पट्टे ओढले आणि गाडी सोडली. होडी हलकी असली तरी नाजूक असते. तिचा भार खालच्या कीलवर, म्हणजे कण्यावर, टेकायला पाहिजे. स्टँडच्या खांबांवर बसवलेल्या दोन्ही बाजूंच्या गाद्या फक्त ती कलंडू नये म्हणून असतात. भार गाद्यांवर आला तर पोट दबतं. जे-२४चं पोट म्हणजे दोन बाजूंनी फायबर आणि मधे बाल्सा लाकडाचा गाभा. तो गाभा एकदा चेचला की वरून रंग मारून काही होत नाही.

कसारा घाट चढून, नाशिक सोडून वैजापूरच्या अलीकडं ड्रायव्हर मामांनी तिसऱ्यांदा पट्टे आवळले आणि मला फोन केला. "मालक, डाव्या अंगाचा पट्टा सारखा ढिला व्हायलाय. कायतरी खाली बसायलंय." वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हातानं कळतं ते मला इथं बसून कळलं नसतं. हळूहळू जालन्यापर्यंत आणा म्हटलं. यार्डात आल्यावर मी स्वतः खाली वाकून कील आणि तिच्या खालच्या लाकडाच्या मधे वर्तमानपत्राची घडी सरकवली. ती या बाजूनं घातली आणि त्या बाजूनं काढली. म्हणजे कील अधांतरी, आणि सगळा भार डावीकडच्या दोन गाद्यांवर. एका गादीच्या खांबाचं वेल्डिंगही तडकलेलं होतं. तसंच पुढं मंठा, जिंतूर, परभणी, नांदेड, देगलूर करत नेलं असतं तर हैदराबादला होडी पोचली असती, पण पोटात खड्डा घेऊन.

मग हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, बोलावून दोन रुंद पट्ट्यांवर होडी उचलली, स्टँड सोडवला, खांब नव्यानं जोडला, कीलखाली बाभळीचे ठोकळे बसवले आणि घडी सरकेनाशी झाल्यावरच पट्टे ओढले. त्यात एक दिवस पावसात गेला, कारण ओल्यात वेल्डिंग करून मला चालणार नव्हतं. हुसेनसागरावरचा पावसाळी मोसम तुम्हाला गाठायचा होता, हे मला माहीत होतं. तरी मी थांबवली.

ताडपत्री मुद्दाम टाकली नाही. वाऱ्यानं फडफडणारी ताडपत्री चालत्या गाडीवर जेलकोटला पॉलिश पेपरसारखी घासते. कॉकपिटची, म्हणजे बसायच्या खोलगट जागेची, पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना, तेवढं पाहिलं होतं. डोलकाठी वेगळी, गोधडीत गुंडाळून बांधली होती. तिला काही झालेलं नाही, हे तुम्हीही मान्य केलंय.

सोलापूरवरून जवळ पडलं असतं, हे तुमचं बरोबर आहे. गाडी जालन्याची, परतीच्या भाड्यात आली, म्हणूनच दर कमी बसला. हे बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगायला हवं होतं. आणि गाडी रात्री का चालली नाही, तर मालाची रुंदी परवानगीशिवाय २.६ मीटरपर्यंतच चालते. तुमची होडी त्यापेक्षा ११ सेंटीमीटर जास्त, म्हणून जादा मापाच्या मालाची परवानगी काढली होती. गाडीवर होडीची उंची ३.७ मीटर झाली होती. गावातून आडव्या गेलेल्या वायरी अंधारात दिसत नाहीत, म्हणून असा माल आम्ही उजेडातच चालवतो.

आता पैशांचं. १८,००० मधले १०,००० हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, होते. ते परत करतोय. स्टँड तुमच्या विक्रेत्याकडून आला असला तरी लोडिंगलाच घडी सरकवून बघायची जबाबदारी आमची होती. हायड्रा आणि वेल्डिंगचे ८,००० मात्र परत करणार नाही. तो स्टँड आता तुमच्याकडेच आहे आणि होडी पुढची कित्येक वर्षं त्यावर नीट बसेल.

जेलकोटचं काम हैदराबादला तुमच्या भरवशाच्या कारागिराकडून करून घ्या, बिल आणि खुणेचा फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, होडीची किंमत लिहिलेली आहे, त्यामुळं त्यात घासाघीस होणार नाही. डावीकडच्या दोन जुन्या गाद्या यार्डात जपून ठेवल्यात. एक बाजू पार चपटी झालीय. फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवतो. आणि या वेळी फोन मीच करीन.