पंधरा दिवस कशाला? रुमत्से ते त्सो मोरिरी ट्रेकवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. लडाखमधल्या या ट्रेकवरच्या माझ्या लेखात सुचवलेले पंधरा दिवस ही अतिरेकी सावधगिरी आहे. दर रविवारी सह्याद्रीत गड चढणाऱ्या माणसाला नऊ दिवसांची सुट्टी पुरते: लेहमध्ये एक रात्र, जीपने थेट त्सो कर तळं, तिथून चार दिवसांत त्सो मोरिरीकाठचं कोरझोक गाव. घोड्यांवर खर्च कशाला, सामान पाठीवर नेता येतं. आणि चांगपांच्या, म्हणजे इथल्या भटक्या पशुपालकांच्या, वस्तीत कसं वागावं हे सांगणं म्हणजे उपदेश, कारण ‘त्यांचं पोट पर्यटकांवरच चालतं’.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. वाट म्हणून हा ट्रेक सोपा आहे. दोर लागत नाही, दरड नाही, ओढे घोट्याएवढे किंवा फार तर गुडघ्याएवढे, तेही सकाळी. चालण्याच्या कसाचा विचार केला तर हरिश्चंद्रगडाची नळीची वाट याहून कितीतरी अवघड आहे. अडचण वाटेची नाहीच. या ट्रेकमध्ये आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायला ‘खाली’ अशी जागा नाही, आणि तुमच्या हिशेबात नेमकं हेच सुटलं आहे.

गढवाल-कुमाऊंमध्ये त्रास झाला तर दोन-तीन तासांत पाचशे-सातशे मीटर उतरता येतं, आणि विरळ हवेच्या आजारावरचा खरा उपाय तोच. चांगथांग, म्हणजे हा ट्रेक जातो तो प्रदेश, हे पठार आहे. त्सो कर सुमारे ४,५३० मीटरवर, कोरझोक साधारण ४,५५० च्या आसपास, आणि मधले सगळे मुक्काम यांच्याइतके किंवा यांच्याहून उंच. रुमत्सेहून निघालात तर पहिला मुक्काम क्यामार, साधारण ४,४०० मीटर. दुसऱ्या दिवशी कुमुर ला आणि मंडलचन ला या दोन्ही पाच हजारांवरच्या खिंडी ओलांडून तिसालिंग, जवळजवळ ४,९५० मीटर. तिसालिंगच्या मागे त्या दोन खिंडी आणि पुढे शिबुक ला, सुमारे ५,२५० मीटर. म्हणजे तिथे रात्री एखाद्याला धाप लागली, तर कुठल्याही दिशेने सुटका करायची म्हणजे आधी चढायचं. पुढे ग्यामा बर्मालाही तेच: मागे क्यामायुरी ला, पुढे यालुंग न्यौ ला, दोन्ही ५,४०० मीटरच्या वर. त्सो करला गाडीरस्ता आहे, पण तिथून लेहचा नेहमीचा रस्ता तागलांग ला वरून, सुमारे ५,३०० मीटरवरून जातो. आजारी माणसाला त्या वाटेने नेऊ नका. पूर्वेकडे पोलोकोंका ला ओलांडून पुगा, सुमदो, माहे पूल आणि मग सिंधूच्या काठाने चुमाथांग, उपशी असं जा. अंतर जास्त पडतं, पण चढ फक्त चारशे-साडेचारशे मीटरचा आहे आणि माहेनंतर रस्ता उतरतच जातो.

आता सह्याद्रीच्या सरावाबद्दल. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि लेहचा विमानतळच ३,२५६ मीटरवर. गड चढून पाय आणि छाती तयार होतात, पण विरळ हवेशी जुळवून घेणं हे वेगळं काम आहे आणि ते तिथे राहूनच होतं. हवेचा दाब कमी झाला की आपण जोरात श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कलीकडे झुकतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल होण्यासाठी मूत्रपिंडांना बायकार्बोनेट बाहेर टाकावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याची मूत्रपिंडं हे काम जास्त वेगाने करत नाहीत. झोपेत श्वास आणखी मंदावतो, म्हणून दिवसा कुठे जाऊन आलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला महत्त्व. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर, हा नियम यातूनच आला आहे.

तुमचा बेत या नियमावर लावून बघा. लेह ३,५००, दुसऱ्याच रात्री त्सो कर ४,५३०. एका रात्रीत हजार मीटरची उडी. साधी डोकेदुखी-मळमळ पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होते, म्हणजे त्सो करच्या पहिल्याच रात्री. फुप्फुसात पाणी भरण्याचा आजार बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत येतो. तुमच्या वेळापत्रकात त्या रात्री नुरुचेन, राजुंग कारू आणि ग्यामा बर्मा इथे येतात. यातल्या शेवटच्या दोन ठिकाणांहून गाडी नाही, आणि ग्यामा बर्माहून दोन्हीकडे चढ. तुम्ही ज्या टप्प्याला ‘सोपे चार दिवस’ म्हणता, तो तुमच्या वेळापत्रकात सर्वांत धोक्याचा होतो.

त्सो करपासून सुरुवात करायला माझा विरोध नाही. फक्त त्याआधीच्या रात्री चढत्या हव्यात: लेहला तीन, मीरू किंवा लातोला एक, रुमत्सेला दोन, आणि मग त्सो करला दोन. पूर्ण ट्रेक करायचा असेल तर लेहला तीन, लातो-रुमत्से भागात दोन, क्यामारला दोन, मग तिसालिंग, त्सो करजवळचं पोंगानागू, नुरुचेन, राजुंग कारू, ग्यामा बर्मा आणि कोरझोक एकेक, परत लेहला एक. चौदा रात्री झाल्या. पंधरावा दिवस राखीव, कारण लेहची विमानं बहुधा सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. काही कमी करायचंच असेल तर हा राखीव दिवस करा. क्यामारची दुसरी रात्र कापू नका. क्यामार हे शेवटचं ठिकाण, जिथून ओढ्याच्या कडेने सरळ खाली रुमत्सेच्या रस्त्याला लागता येतं. ज्याचं डोकं तिथे दुसऱ्या सकाळीही दुखतंय, जेवण जात नाही, त्याने तिसालिंगला जायचं नाही. हा निर्णय क्यामारलाच व्हायला हवा, शिबुक लाच्या पायथ्याशी नाही.

श्रीनगर, कारगिल, लेह असं रस्त्याने येता आलं तर उत्तमच. कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आहे आणि चढ हळूहळू मिळतो. मनालीहून येताना सरचूचा मुक्काम, साधारण ४,३०० मीटर, अनेकांना जड जातो. लेहला पोहोचून दुसऱ्याच दिवशी ‘सराव’ म्हणून खारदुंग लाला जाणं तर टाळाच.

लेहमधले दिवस तुम्ही वाया म्हणता. ज्याला ट्रेकच्या शेवटी कोरझोक गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघायचा आहे, त्याने याच दिवसांत हेमिस बघावा. दोन्ही तिबेटी बौद्ध धर्मातल्या द्रुक्पा परंपरेचे. ठिकसे आणि स्पितुक गेलुग परंपरेचे, माथो साक्य परंपरेचा. हे आधी पाहिलं असेल तर कोरझोकच्या लहानशा सभागृहात कुणाच्या मूर्ती आहेत, भिंतीवर काय रंगवलं आहे, हे कळायला लागतं. सगळे गोम्पा लेहच्याच उंचीच्या आसपास आहेत, त्यामुळे पायऱ्या सावकाश चढल्या की सरावही होतो.

गोळ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत की ‘डायमॉक्स घेतली की झालं’. डायमॉक्स म्हणजेच ॲसिटाझोलामाइड मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करून देते, म्हणून ती उपयोगी आहे. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि घ्यायची की नाही हेही त्यांच्याशी बोलूनच ठरवा. पण एका रात्रीत हजार मीटरच्या उडीची भरपाई ती करत नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही एकट्यावर विसंबू नका. ४,५०० मीटरवर ठणठणीत माणसाचा आकडा ८०-८८ दिसू शकतो आणि गार बोटांवर तो आणखी चुकतो. त्यापेक्षा माणूस बघा: बसल्या जागी धाप लागते का, रात्री कोरडा खोकला वाढतोय का, आडवं होता येत नाही का, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत दहा पावलं चालताना तोल जातो का. यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे दहा लिटरचे असतात. मिनिटाला दोन लिटर धरले तर पाच मिनिटांत संपतात. न्यायचाच तर रेग्युलेटरसह खरा सिलिंडर न्या.

इथूनच घोड्यांचा मुद्दा सुरू होतो. आठ दिवसांचं कोरडं अन्न सहा किलो, टेंट दोन, स्लीपिंग बॅग दीड-दोन, कपडे, चूल, इंधन आणि तीन लिटर पाणी धरलं तर सॅक अठरा-वीस किलोंची होते. सरावलेला माणूस ती उचलेल. पण घोडा नुसता सामानासाठी नसतो. धाप लागलेल्या माणसाने स्वतःच्या पायांनी चढलं की फुप्फुसातला दाब वाढतो आणि आजार बळावतो. त्याला खिंडीपलीकडे नेण्याचं एकमेव साधन म्हणजे बसायचा घोडा. म्हणून सामानाच्या घोड्यांखेरीज एक घोडा मोकळा ठेवा. चार जणांच्या गटाला सोबतच्या माणसांसह पाच-सहा घोडे पुरतात. रात्री घोडे चरत लांब जातात आणि सकाळी शोधण्यात दोन तास जाऊ शकतात. दुपारनंतर खिंडीत वारा उठतो, म्हणून खिंडीच्या आदल्या संध्याकाळीच घोडे जवळ ठेवायला सांगा.

पाणी आणि स्वयंपाक. त्सो करचं पाणी खारट आहे, तिथून पूर्वी मीठ काढलं जाई. त्या दिवशी झऱ्यावरच दिवसभराचं पाणी भरून घ्या. ४,५०० मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही. छोटा प्रेशर कुकर न्या. भूक मरते तेव्हा तेलकट रस्सा नको वाटतो, पण मेतकूट-भात किंवा पातळ खिचडी जाते. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, लेहमध्ये घ्या, आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. जुलैतही रात्र शून्याखाली जाते.

शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला. चांगपांचं पोट पर्यटकांवर चालत नाही. ते पश्मिन्यावर, मेंढ्यांवर आणि याकांवर चालतं. एका बकरीपासून वर्षाला साधारण पाव किलो कच्ची लोकर मिळते, आणि ती बकरी जगते त्याच कुरणांवर, जिथे आपण टेंट लावतो आणि आपले घोडे सोडतो. त्यामुळे कुठे उतरायचं हे विचारणं हा उपदेश नाही, दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवण्याआधी विचारावं तेवढंच आहे. गवताचे, मुक्कामाचे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्या.

बाकीच्या सूचनांनाही कारणं आहेत. वस्तीवरचे कुत्रे लांडग्यांशी झुंजणारे असतात, म्हणून लांबच थांबा, हाक द्या, कुणी बाहेर येईपर्यंत पुढे जाऊ नका. संध्याकाळी शेळ्या-मेंढ्या समोरासमोर माना गुंतवून दोन रांगांत दोरीने बांधतात आणि बायका धारा काढतात. त्या वेळी रांगेत कॅमेरा घेऊन शिरलात तर जनावरं बुजतात आणि दूध जातं. रेबोत, म्हणजे याकच्या केसांच्या तंबूत, बोलावलं तर चूल ओलांडू नका. मीठ-लोण्याचा चहा प्रत्येक घोटानंतर पुन्हा भरला जातो. नको असेल तर पेला भरलेला ठेवा आणि निघताना संपवा. मुलांना चॉकलेट देऊ नका, जवळपास दातांचा डॉक्टर नाही. द्यायचंच असेल तर छुरपे, म्हणजे वाळवलेलं चीज, विकत घ्या आणि पैसे घरच्या बाईच्या हातात द्या. मणी-भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जा, तिच्यावरचा कोरीव दगड उचलू नका. कोरझोकला बूट बाहेर, फ्लॅश नाही, आणि रक्षक देवतांच्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचं नाही. उन्हाळ्यात तिथे गुस्तोर हा उत्सव असतो, दोन दिवस मुखवट्यांचं नृत्य चालतं. तारखा तिबेटी पंचांगाने ठरतात, लेहमध्ये विचारून घ्या. त्या दिवसांत कोरझोकमधली घरं भरलेली असतात.

तळ्याच्या काठाला टेंट नको हेही याच हिशेबात. त्सो मोरिरी २००२ पासून आणि त्सो कर २०२० पासून रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळी आहेत. काळ्या मानेचे क्रौंच तिथल्या दलदलीत घरटं करतात, बहुधा दोनच अंडी घालतात. आपण टाकलेल्या उष्ट्यावर भटके कुत्रे वाढतात, आणि तेच कुत्रे अंडी-पिल्लं खातात. म्हणून उरलेलं अन्नसुद्धा पुरायचं नाही, परत न्यायचं.

नऊच दिवस असतील तर लेहच्या पश्चिमेकडच्या शाम भागातला लिकिर ते तेमिसगाम हा ट्रेक करा. खिंडी चार हजारांच्या आत, मुक्काम गावातल्या घरांत, वाटेत लिकिर आणि रिझोंग हे गोम्पा. त्याला हे दिवस खरंच पुरतात.

तुमच्या दोन छोट्या प्रश्नांची उत्तरं. अमेरिकेतून येणाऱ्या तुमच्या भावाकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलं तरी त्याला संरक्षित क्षेत्राचा परवाना लागेल. तो लेहमधल्या नोंदणीकृत संस्थेकडून काढा. आणि त्याचं सॅटेलाइट मेसेंजर घरीच ठेवायला सांगा, भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. घोड्यांचा दर ठरवताना परतीचे दिवस आधी विचारा: कोरझोकहून घोडे रिकामे चालत रुमत्सेला जातात, आणि त्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतात.