समुद्रात वीज सोडली म्हणून तेल ‘दिसत’ नाही

‘जहाजामागून समुद्रात वीज सोडली की तळाखालचं तेल थेट पडद्यावर दिसतं, मग विहिरी खोदण्यात पैसा का घालवायचा? मुंबई हायच्या आसपास हेच करा!’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तंत्र खरं आहे, पण त्यावरून काढलेले तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

तेल थेट दिसतं, हा पहिला. यंत्र मोजतं ते खडकाचा विद्युतरोध, म्हणजे खडक वीज वाहण्याला किती अडवतो ते. समुद्राचं पाणी साधारण 0.3 ओहम-मीटर, खाऱ्या पाण्याने भरलेला गाळाचा खडक 1-2, आणि त्यातच तेल किंवा वायू भरला की आकडा कित्येक पटींनी चढतो. पण मिठाचे थर, बेसाल्ट, घट्ट चुनखडक यांचाही रोध जास्तच असतो. आकडा एकच, कारणं अनेक.

विहिरींची गरज संपली, हा दुसरा. 2000 साली अंगोलाच्या समुद्रात स्टॅटऑइल या नॉर्वेच्या तेल कंपनीने या पद्धतीची चाचणी घेतली ती आधीच सापडलेल्या साठ्यावर, म्हणजे उत्तर माहीत असलेल्या जागी. 1 ओहम-मीटरच्या खडकात यंत्राने सोडलेला 1 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एक आवर्तन असलेला विद्युत संकेत दर अर्ध्या किलोमीटरला जवळपास एक तृतीयांश उरतो. खोल जायचं तर वारंवारता कमी करावी लागते, आणि मग चित्र धूसर होतं. खडकातून तेल किती वाहील, दाब किती आहे, हे विहिरीशिवाय कळत नाही.

या तंत्राचं खरं मोल वेगळंच आहे, आणि ते कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. खडकाच्या छिद्रांत थोडासाच वायू असला तरी भूकंपीय सर्वेक्षणात (यात ध्वनिलहरी खाली सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपतात) तो भरलेल्या साठ्यासारखा ठळक उमटू शकतो. विद्युतरोध मात्र छिद्रं बरीचशी भरल्याशिवाय फारसा वाढत नाही. म्हणून दोन्ही सर्वेक्षणं शेजारी ठेवली तर एखादी कोरडी विहीर टळते.

राहिलं मुंबई हाय. तिथे पाणी जेमतेम 75 मीटर खोल. उथळ पाण्यात संकेताचा काही भाग वर हवेत निसटतो, पृष्ठभागालगत फारसा क्षीण न होता पुढे जातो आणि पुन्हा खाली उतरून तळाखालून आलेल्या संकेताला झाकतो. तो वेगळा काढता येतो, पण सहज नाही. मुळात या क्षेत्राचा माग लागला तो साठच्या दशकात भारतीय-सोव्हिएत पथकाच्या भूकंपीय सर्वेक्षणातून, आणि तेल आहे हे ठरलं 1974 मध्ये, ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने विहीर खोदली तेव्हा.