अहल्या दगड झालीच नव्हती

आज संध्याकाळी आमच्या भागात चालू असलेल्या रामकथेला गेले होते. अहल्येचा प्रसंग निघाला आणि बुवा म्हणाले, "बाईचा तोल एकदा गेला की तिचा दगडच होतो!" सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेत कॉलेजातल्या पोरी बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी बसलेल्या आयासुद्धा हसल्या. अजून जेवलेले नाही, आधी हे लिहितेय.

आणि हे कुठे, तर इंदूरमध्ये! इथे विमानतळाला अहिल्याबाई होळकरांचं नाव, विद्यापीठाला अहिल्येचं नाव, पुण्यतिथीला पालखी निघते.

वाल्मीकींच्या बालकांडात अहल्येचा दगड होतच नाही. तिचे पती गौतम शाप देतात तो असा: वारा खाऊन राहशील, राखेत पडशील, कुणाला दिसणार नाहीस. 'अदृश्या सर्वभूतानाम्'. बाई जिवंत आहे, आश्रमात आहे, तप करते आहे, फक्त कुणाला दिसत नाही.

हे वाचलं की मला आमची आत्या आठवते. नवऱ्याने टाकलेली. का टाकली ते घरात कुणी उच्चारलं नाही, पण दोष तिचाच असं सगळ्यांनी धरून चाललेलं. वाड्याच्या मागच्या खोलीत राहायची. पापड-कुरडया तिच्या हातच्या, बाळंतिणीची रात्रीची जागरणं तिची, आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका आल्या की ती मागे. पाहुण्यांनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?" की तिला मोजायचंच नाही. ती दगड नव्हती हो. दगडाला निदान लोक वळसा घालून जातात.

हो, गौतमांच्या वेषात आलेल्या इंद्राला वाल्मीकींच्या अहल्येने ओळखलं होतं, तिला 'दुर्मेधा', म्हणजे दुर्बुद्धीची, असंही म्हटलंय. मान्य. पण मग इंद्राचं पुढे काय झालं तेही सांगा ना कथेत! गौतमांच्या शापाने त्याची वृषणं गळाली, तर देवांनी पितरांकडे जाऊन मेंढ्याची आणून बसवली. त्याची सोय लगेच लागली, आणि तो देवांचा राजा तो राजाच. हिने वर्षानुवर्षं राखेत झोपायचं. आमच्या आत्याच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, आणि त्या जेवणावळीला आमच्याच घरची माणसं जेवून आली.

आता मला सगळ्यात प्रिय असलेली जागा. विश्वामित्र रामाला तिची ओळख 'महाभागा', 'देवरूपिणी' अशी करून देतात. आणि राम-लक्ष्मण काय करतात? तिच्या पाया पडतात. 'राघवौ तु तदा तस्याः पादौ जगृहतुर्मुदा', आनंदाने! रामाचा पाय तिला लागतो ही गोष्ट नंतरची. त्या कथेतही भक्ती आहे, नाही म्हणत नाही. पण रामाला तिच्यापुढे वाकलेला दाखवायला आपल्याला एवढं जड का जातं?

पुढे मिथिलेत तिचा मुलगा शतानंद भेटतो. जनकाचा पुरोहित, एवढा मोठा माणूस. तो भर सभेत विश्वामित्रांना अधीर होऊन विचारतो, माझ्या यशस्विनी आईची आणि रामाची भेट घडवलीत ना? यशस्विनी! इथे मला दर वेळी रडू येतं. आत्याच्या मुलाने लग्नपत्रिकेत तिचं नाव घातलं नव्हतं. ती पत्रिका तिने देवघरात जपून ठेवली होती.

आणि आपल्या इंदूरच्या अहिल्याबाई? 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले, तेव्हा सती जायला निघालेल्या या सुनेला सासरे मल्हाररावांनी थांबवलं, म्हणून आपल्याला 1767 ते 1795 चा त्यांचा तो कारभार मिळाला. बाईच्या बाजूने घरातलं कुणी उभं राहिलं की काय होतं, हे दुसऱ्या कुणी आपल्याला सांगायला हवं का?

बुवांचा गळा गोड आहे, अभंग सुंदर गातात, त्याबद्दल तक्रार नाही. मीही रोज रामरक्षा म्हणते, त्यामुळे धर्मावर टीका वगैरे कॉमेंट्स कृपया नकोत. रविवारी समारोप आहे, शेवटी प्रश्न विचारता येतात. मी बालकांड घेऊन जाणार आहे आणि माइक मागणार आहे. मैत्रिणींनो, मुलींना घेऊन या. मुलगे असतील तर त्यांनाही आणा.